चावीचं घड्याळ की सेलचं? दुकानात माल भरण्याआधी हा फरक समजून घ्या



"सर, घड्याळाचं दुकान टाकायचंय. पन्नास हजार आहेत. कुठला माल भरू?" हा प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे. माल नंतर भरा, आधी मशीन समजून घ्या. व्हिडिओत मी दोन्ही घड्याळं उघडून दाखवली आहेत. इथे तेच जरा निवांत आणि हिशोबासकट सांगतो.

आत नेमकं काय फिरतं?

चावीच्या, म्हणजे मेकॅनिकल घड्याळात सेल नसतो. चावी दिली की आतली गुंडाळलेली स्प्रिंग घट्ट होते. ती सैल होताना दातेरी चाकं फिरवते. ती एकदम सुटू नये म्हणून बॅलन्स व्हील नावाचं छोटं चाक मागेपुढे झुलत राहतं आणि दर झोक्याला बाकीच्या चाकांना थोडंसंच पुढे सोडतं. टिकटिक येते ती तिथून. आजच्या बऱ्याच मशीनमध्ये हे सेकंदाला सहा किंवा आठ वेळा होतं, म्हणून सेकंद काटा सरकत गेल्यासारखा दिसतो.

ऑटोमॅटिक घड्याळ म्हणजे याचाच भाऊ. त्यात एक अर्धगोल वजन असतं. हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंग आपोआप भरते. साधारण ४० तास न घालता ठेवलं की बरीचशी ऑटोमॅटिक घड्याळं बंद पडतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सेलच्या, म्हणजे क्वार्ट्झ घड्याळात सेलमधली वीज क्वार्ट्झच्या स्फटिकाला मिळते आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आकडा विचित्र वाटतो, पण तो १५ वेळा निम्मा करत गेलं की बरोबर १ उरतो. आतलं सर्किट हेच करतं आणि सेकंदाला एक ठोका देतं. छोटी मोटर काटा एक घर पुढे टाकते. म्हणून याचा काटा टप्प्याटप्प्याने उडी मारतो. गिऱ्हाइकाच्या हातातलं घड्याळ कुठलं, हे तुम्ही काउंटरच्या पलीकडूनच ओळखू शकता.

वेळ कोण बरोबर दाखवतं?

इथे नवीन दुकानदार फसतो. त्याला वाटतं, महाग म्हणजे जास्त बरोबर. तसं नाही! साधं क्वार्ट्झ महिन्याला १५-२० सेकंद इकडेतिकडे होतं. साधं मेकॅनिकल दिवसाला तेवढं चुकलं तरी ते बिघडलेलं नसतं. स्वित्झर्लंडमध्ये कसून तपासून 'क्रोनोमीटर' ठरलेल्या मशीनलासुद्धा दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी सूट असते. म्हणजे वेळेच्या बाबतीत पाचशेचं घड्याळ लाखाच्या घड्याळाला हरवतं. मेकॅनिकल घेणारा माणूस वेळेसाठी घेत नाही. तो कारागिरीसाठी, आठवणीसाठी घेतो. त्याला "टाइम एकदम परफेक्ट" असं सांगून विकलंत, तर तो आठवड्यात परत येणार.

बाजार कसा फिरला?

२५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने 'अ‍ॅस्ट्रॉन' हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं. किंमत ४,५०,००० येन! पण पुढे तंत्र स्वस्त होत गेलं आणि चावीच्या घड्याळांवर जगणाऱ्या स्विस कारखान्यांची वाताहत झाली. आपल्याकडे एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बेंगळुरूत घड्याळं सुरू केली. 'जनता', 'पायलट' अजूनही कित्येक घरांच्या कपाटात सापडतील. १९८७ मध्ये टायटन क्वार्ट्झ घेऊन बाजारात उतरली. २०१६ मध्ये सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. आपल्यासाठी धडा एवढाच, की माल टिकाऊ असणं आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे वळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता हिशोब

आकडे समजण्यापुरते धरू. क्वार्ट्झ ४०० ला घेतलं, ६०० ला विकलं, सुटले २००. ऑटोमॅटिक ६,००० ला घेतलं, ७,५०० ला विकलं, सुटले १,५००. ऑटोमॅटिक भारी वाटतंय ना? थांबा. त्याच ६,००० मध्ये १५ क्वार्ट्झ येतात. ती महिन्यात खपली तर ३,००० सुटले, आणि भांडवल पुन्हा हातात. ऑटोमॅटिक चार महिने शोकेसमध्ये बसलं, तर चार महिन्यांत मिळाले फक्त १,५००. एका नगावर किती सुटतात ते नंतर बघा, पैसा वर्षात किती वेळा फिरतो ते आधी बघा.

दुसरी कमाई सर्व्हिसची. क्वार्ट्झचा सेल साधारण दोन-तीन वर्षांनी बदलावा लागतो, म्हणजे तो माणूस पुन्हा दुकानात येतो, पट्टाही बघतो. मेकॅनिकलला चार-पाच वर्षांनी उघडून साफ करून तेल द्यावं लागतं. त्यात मजुरी चांगली मिळते, पण हात बसलेला कारागीर हवा.

माझी चूक

दुकानाच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एक काका वडिलांचं चावीचं घड्याळ घेऊन आले. बंद होतं. मी बीबीए झालेला, डोक्यात फक्त हिशोब. म्हटलं, "काका, दुरुस्ती कशाला? क्वार्ट्झ मशीन बसवून देतो, चावीची कटकट संपेल." ते हो म्हणाले. डायलच्या मागचे पाय कापले, काटे बदलले, घड्याळ चालू. आठ दिवसांनी काका आले. म्हणाले, "वेळ बरोबर आहे रे, पण कानाला लावलं की बाबांचं घड्याळ वाटत नाही. जुनं मशीन दे परत." मी ते भंगारात टाकलं होतं. पैसे परत देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. आमच्या दुकानाची पायरी ते पुन्हा चढले नाहीत. कदाचित त्या मशीनला फक्त साफसफाई हवी होती. मी उघडून नीट बघितलंच नव्हतं.

तेव्हापासून जुना भाग गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय आम्ही फेकत नाही. पाकिटात घालून हातात देतो.

काउंटरवर एवढं सांगाच

- ऑटोमॅटिक विकताना: "दोन दिवस घातलं नाही तर बंद पडेल, तो बिघाड नाही."
- मेकॅनिकल अचानक खूप पुढे पळायला लागलं, तर स्पीकर किंवा चुंबकाजवळ ठेवलं होतं का विचारा. चुंबकत्व काढणारं छोटं यंत्र दुकानात ठेवा.
- क्वार्ट्झचा काटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारत असेल, तर बऱ्याच मशीनमध्ये ती सेल संपत आल्याची खूण असते.
- संपलेला सेल आत ठेवू नका. तो गळला की मशीन जातं.
- सेल बदलल्यावर झाकणाचा वॉशर तपासा. पाणी तिथूनच शिरतं.

पन्नास हजारच असतील तर माझा सल्ला सरळ आहे. सुरुवात क्वार्ट्झ, पट्टे आणि सेलवर करा. ऑटोमॅटिकचे दोन-तीन नगच ठेवा आणि कोण विचारतंय ते वहीत लिहा. मागणी दिसली की वाढवा. आणि जुनं घड्याळ कोणी आणलं, तर आधी विचारा, "हे कोणाचं?" उत्तर ऐकून मगच झाकण उघडा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!