वस्तऱ्याची धार आणि वंगणाची निवड : वऱ्हाडातील पाणी व तेलांच्या संदर्भात

मोर्णा नदीच्या पश्चिम तीरावर, असदगड आणि राजराजेश्वर मंदिराच्या परिसरात वसलेला भाग अकोल्यात जुने शहर म्हणून ओळखला जातो. इतरत्र झाले त्याप्रमाणे येथील केशकर्तनालयांतही घडीच्या पोलादी वस्तऱ्याची जागा आता बदलत्या पात्याने घेतली आहे. रक्तातून पसरणाऱ्या रोगांचा विचार करता हा बदल योग्यच होय. मात्र त्याबरोबर नाभिक कारागिराच्या धोकटीतील धार लावण्याचा दगड आणि त्यावर काय घालावे याचे ज्ञानही मागे पडले. या ज्ञानामागील रसायनशास्त्र स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हाताने धार लावताना दगड तापत नाही, त्यामुळे वंगणाचा उपयोग थंडाव्यासाठी असतो हा समज येथे लागू पडत नाही. वंगणाचे खरे काम म्हणजे घासून निघालेला पोलादाचा सूक्ष्म कीस तरंगत ठेवणे व दगडाची छिद्रे बुजू न देणे. त्याचबरोबर पाते दगडाला टेकलेही पाहिजे. द्रव फार दाट असल्यास पाते त्याच्या थरावरून नुसते सरकते आणि घर्षण मंदावते. २५ अंश सेल्सिअस तापमानाला एरंडेल पाण्याच्या सुमारे सातशेपट दाट असते. ते चाकाच्या आसाला उत्तम, पण वस्तऱ्याच्या दगडाला निरुपयोगी, ते याच कारणाने.

मग पाणी का नको? बेल्जियममधील गार्नेटयुक्त दगड व जपानी दगड पाण्यावरच चालतात. वऱ्हाडातील अडचण दगडाची नसून पाण्याची आहे. अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णाकाठचा खारपाणपट्टा सर्वपरिचित आहे. तेथील भूजलात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण मोठे आहे. जुन्या वस्तऱ्याच्या कार्बनी पोलादात क्रोमियमचे संरक्षक आवरण नसते आणि क्षारयुक्त पाणी उत्तम विद्युतवाहक असल्याने गंजण्याची क्रिया वेग घेते. चाकूवर पडलेला गंजाचा ठिपका पुसता येतो. वस्तऱ्याची कड मात्र मायक्रॉनच्या अंशाइतकी पातळ असल्याने तेवढ्या गंजाने ती खचते, आणि खचलेली कड गिऱ्हाइकाच्या गालावर ओरखडा काढते. साबणाचे पाणी अल्कधर्मी असल्याने हा धोका काहीसा कमी करते, परंतु कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असलेल्या पाण्यात साबण फाटून त्याचा साका दगडावर बसतो. महानच्या काटेपूर्णा धरणातून येणारे नळाचे गोडे पाणी मिळत असल्यास, पाते लगेच कोरडे करण्याच्या अटीवर, पाणी वापरण्यास हरकत नाही.

तेलांकडे वळताना आयोडीन मूल्य उपयोगी पडते. हे मूल्य जितके जास्त, तितके तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होते. विदर्भात जवस मुबलक, पण जवसाच्या तेलाचे आयोडीन मूल्य १७० ते २०० च्या दरम्यान. ज्या गुणामुळे ते रंगकामात मोलाचे ठरते, त्याच गुणामुळे दगडावर त्याचे वार्निश होते. करडईचे तेल (सुमारे १४०) त्याच वाटेवरचे. कापसाच्या या मुलखात सहज मिळणारे सरकीचे तेल (१०० ते ११५) सावकाश, परंतु निश्चितपणे चिकटते. शेंगदाणा तेल (८५ ते १०५) त्यापेक्षा थोडे बरे. खोबरेल (७ ते १०) जवळजवळ वाळतच नाही. मात्र ते २४ अंशांच्या आसपास गोठते, म्हणजे वऱ्हाडातील हिवाळ्याच्या सकाळी, अगदी दुकान उघडण्याच्या वेळी, ते दगडावर मेणासारखे बसते.

या सर्वांहून सोयीचे ठरते ते खनिज तेल. शिलाई यंत्राचे पातळ तेल वाळत नाही, खवट होत नाही आणि पोलादाला गंजापासून राखते. दाट वाटल्यास त्यात थोडे रॉकेल मिसळावे. निव्वळ रॉकेल कीस चांगला वाहून नेते, पण ते त्वचेला दाहक असल्याने वस्तरा साबणाने धुऊन, पुसून, मगच चामड्याच्या पट्ट्यावर फिरवावा.

दगडाची घडणही पाहावी लागते. अमेरिकेतील आर्कान्सासचा दगड सूक्ष्म क्वार्ट्झचा व घट्ट विणीचा असतो. तो तेलावर चालतो. सच्छिद्र दगडाला मात्र एकदा तेल दिले की ते आत मुरते, आणि पुढे त्यावर पाणी नीट पसरत नाही. अकोल्याचा भूभाग काळ्या बेसाल्टचा व पूर्णेच्या गाळाचा. बेसाल्टमधील खनिजांचा कठीणपणा एकसारखा नसल्याने त्यापासून पाटा-वरवंटा होतो, वस्तऱ्याचा दगड होत नाही. असा दगड बाहेरूनच आणावा लागतो, आणि त्याचे मूळ ठाऊक नसताना पहिला प्रयोग पाण्याने करणे इष्ट. पाणी वाळवता येते, मुरलेले तेल सहसा काढता येत नाही.