घरविमा : सोलापूरकरांनी घेण्याआधी

• पॉलिसी कोणती? भारत गृह रक्षा. १ एप्रिल २०२१ पासून लागू. मसुदा सर्व कंपन्यांचा सारखाच, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरही आणि सोलापुरातही. हप्ता मात्र वेगवेगळा. तुलना करायची ती त्याची आणि दावे निकाली काढण्याची.

• संरक्षण कशापासून? आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दंगल. समुद्र दूर असला तरी ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप जवळचाच. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचा पूर माढा, मोहोळ तालुक्यांतील गावांत शिरला.

• विमा रक्कम : घर पुन्हा बांधण्याचा खर्च. जागेची किंमत धरत नाहीत. समजा चटई क्षेत्र ८०० चौरस फूट, बांधकाम खर्च फुटाला २,००० रुपये. रक्कम १६ लाख. घरातील सामानाला त्याच्या २० टक्के, म्हणजे ३ लाख २० हजारांचे संरक्षण आपोआप (कमाल १० लाख). दागिन्यांसाठी वेगळी जोड लागते.

• घरातच यंत्रमाग असेल तर : पूर्व भागातील अनेकांसाठी हा कळीचा मुद्दा. ही पॉलिसी राहत्या घराची आहे. माग, सूत, तयार चादरी-टॉवेल तिच्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा. मर्यादा एका ठिकाणी ५ कोटींपर्यंत.

• काय मिळत नाही? जुनेपणामुळे झालेली झीज. एरवीची घरफोडीही नाही. दुर्घटनेनंतर ७ दिवसांत झालेली चोरी तेवढी धरतात.

• दावा : कंपनीला ताबडतोब कळवा, फोटो काढा, सर्वेक्षक येईपर्यंत मोडतोड हलवू नका. कंपनीकडे तक्रार करूनही दाद न मिळाल्यास विमा लोकपाल, पुणे.