आजीचा ट्रान्झिस्टर आणि माझं ॲप

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या!

आपल्या होस्टेलवर रेडिओ म्हणजे मोबाइलवरचं ॲप. गेल्या मे महिन्यात गावी गेले तेव्हा आजीच्या फोनवरही आकाशवाणीचं ॲप टाकलं आणि तिला म्हटलं, "आता तो खरखरणारा डबा माळ्यावर टाक." पावसाळ्यात गावची वीज दोन दिवस गेली. आधी मोबाइलचा टॉवर बंद पडला, मग फोन. आजीने ट्रान्झिस्टरमध्ये सेल घातले आणि बातम्या लावल्या. वीज आल्यावर मला फोनवर जे लेक्चर मिळालं, ते कुठल्याही सिलॅबसमध्ये नाही.

मग मी जरा अभ्यास केला. रेडिओच्या ट्रान्समीटरला ऐकणारा एक असो की एक लाख, खर्च तेवढाच. इंटरनेटवर प्रत्येकाला वेगळा प्रवाह पाठवावा लागतो. ६४ केबीपीएसने एका तासाला जवळपास २९ एमबी डेटा जातो. हजार जण ऐकत असतील तर सर्व्हरला ६४ एमबीपीएस हवेत. शिवाय वाटेत टॉवर, केबल, वीज यातलं एक जरी तुटलं तरी आवाज बंद.

मग डिजिटल नकोच का? तसं नाही. मीडियम वेव्हवर आवाज लहरींच्या उंचीतून, म्हणजे ॲम्प्लिट्यूडमधून जातो. वीज चमकली की ती उंची बदलते, म्हणून खरखर. यावर डीआरएम हे तंत्र आहे. त्यात आवाजाचे बिट्स करून ते अनेक छोट्या कॅरियरवर वाटतात. चुका दुरुस्त करायची सोय असते, त्यामुळे आवाज स्वच्छ येतो आणि इंटरनेट लागत नाही. आकाशवाणीने असे ट्रान्समीटर बसवलेत, काही नव्या गाड्यांत ते ऐकूही येतात.

गोची दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे, सिग्नल फार कमी झाला की डिजिटल खरखरत नाही, सरळ गप्प होतो. दुसरं, जुन्या सेटला ही भाषाच कळत नाही. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय केंद्रांचं एफएम बंद करून डिजिटल डॅब आणलं, तेव्हा लोकांना नवे सेट किंवा ॲडॅप्टर घ्यावे लागले. आपल्याकडेही अनेक जुने मीडियम वेव्ह ट्रान्समीटर बंद झालेत. म्हणून मला वाटतं, सेलवर चालणारा स्वस्त डिजिटल सेट आधी घराघरांत पोचावा, जुना ट्रान्समीटर त्यानंतर बंद करावा. असा सेट बनवणं हे आपल्याच ब्रँचचं काम आहे, नाही का?

तोवर आजीचा डबा माळ्यावर जाणार नाही. दिवाळीला घरी जाताना मी सेल घेऊन जाणार आहे.