समुद्रापासून दूर सागरजल-मत्स्यालय : आरंभीच्या पाण्याचे रसायन

मुंबईस 1951 साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय समुद्रालगत उभारले गेले, हे स्वाभाविकच होते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील प्रयोगशाळेने सागरी जीवांसाठी टाकी मांडावयाची म्हटले, तर समुद्र सुमारे 200 किलोमीटर दूर. पाणी येथेच सिद्ध करावे लागते. या कामी होणाऱ्या चुका बहुधा दोन समजुतींतून उद्भवतात. एक, खारे पाणी म्हणजेच सागरजल. दुसरी, सागरजल सिद्ध झाले की टाकीही सिद्ध झाली. प्रस्तुत लेखात या दोहोंचा विचार करावयाचा आहे.

पहिली समजूत या जिल्ह्यात विशेष फसवी ठरते. प्रवरा कालव्याखालील काही जमिनी खारवट झाल्या आहेत व तेथील विहिरींचे पाणीही खारट असू शकते. परंतु केवळ खारटपणाने पाणी सागरजल होत नाही. ‘चॅलेंजर’ मोहिमेत गोळा केलेल्या 77 नमुन्यांचे पृथक्करण करून डिटमार यांनी 1884 मध्ये दाखविले की, लवणता कमीअधिक झाली तरी खुल्या समुद्रातील मुख्य घटकांचे परस्परप्रमाण जवळजवळ स्थिर असते. 1 किलोग्रॅम पाण्यात 35 ग्रॅम लवणे असता क्लोराइड 19.4, सोडियम 10.8, सल्फेट 2.7, मॅग्नेशियम 1.3 आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी 0.4 ग्रॅम असते. विहिरीच्या पाण्यातील प्रमाण मात्र खडक, माती व खते ठरवितात. हरियाणा व पंजाबातील खाऱ्या भूजलात कोळंबी वाढविताना पोटॅशियम वेगळे घालावे लागते, ते याच कारणाने. म्हणून ऊर्ध्वपातित पाण्यात सागरी लवणांचे तयार मिश्रण विरघळवावे, एक दिवस हवा खेळवावी, आणि मगच लवणता मोजावी.

दुसरी चूक अधिक घातक होय. मासे व कोळंबी अमोनिया उत्सर्जित करतात; उरलेले अन्न कुजूनही तो निर्माण होतो. अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करणारे सूक्ष्मजीव नव्या टाकीत पुरेसे नसतात. त्यांची वाढ होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. त्यातच सागरजलाचा सामू 8.2च्या आसपास असतो. सामू एकाने वाढला की विषारी, अनायनित अमोनियाचा अंश सुमारे दसपट होतो. त्यामुळे गोड्या पाण्यात सहज खपणारे अमोनियाचे प्रमाण येथे प्राणघातक ठरू शकते. किनाऱ्यावरून कष्टाने आणलेले जीव पहिल्या काही दिवसांत दगावतात आणि दोष मात्र प्रवासाला दिला जातो.

यावर उपाय असा की, प्राणी सोडण्यापूर्वीच सूक्ष्मजीवांना खाद्य द्यावे. 100 लिटर पाण्यात 0.76 ग्रॅम अमोनियम क्लोराइड घातल्यास लिटरमागे 2 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन मिळते. पुढे नित्य परीक्षण करावे. प्रथम अमोनिया उतरतो, नायट्राइट चढतो, नंतर तोही उतरून नायट्रेट साचू लागते. एवढीच मात्रा पुन्हा घातली असता 24 तासांत अमोनिया व नायट्राइट दोन्ही नाहीसे झाले, की टाकी सिद्ध झाली असे समजावे. मग काही पाणी बदलून नायट्रेट कमी करावे आणि प्राणी थोडे थोडे सोडावेत.

या क्रियेत आम्ल उत्पन्न होते, हे विसरू नये. 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनाच्या नायट्रीकरणात कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने सुमारे 7 मिलिग्रॅम क्षारता खर्ची पडते. सागरजलाची क्षारता लिटरमागे सुमारे 115 मिलिग्रॅम. म्हणजे 10 मिलिग्रॅम नायट्रोजनाने तिचा निम्म्याहून अधिक भाग संपतो. शिंपल्यांचा थर घातला की चिंता मिटली असे नव्हे. सामू 8च्या वर असताना शिंपले जवळजवळ विरघळत नाहीत. क्षारता मोजून सोडियम बायकार्बोनेट घालणे अथवा पाणी बदलणे हाच मार्ग.

शेवटी येथील उन्हाळ्याविषयी. बाष्पीभवनात पाणी जाते, लवणे राहतात. 100 लिटरांतील 10 लिटर पाणी उडाले, तर लवणता 35 वरून सुमारे 39 होते. ही तूट ऊर्ध्वपातित पाण्यानेच भरावी, खाऱ्या पाण्याने नव्हे.

तात्पर्य, लवण एका दिवसात विरघळते. सूक्ष्मजीवांची वसाहत मात्र आठवड्यांनी उभी राहते. टाकीत जीव केव्हा सोडावयाचे, हे दिनदर्शिकेने नव्हे, तर परीक्षानळीने ठरविले पाहिजे.