क्षारसूत्राची कसोटी

काशीच्या दशाश्वमेध घाटावरून प्रवाहाविरुद्ध दक्षिणेस गेले की हिंदू विश्वविद्यालय लागते. सुश्रुताने शल्यविद्या काशिराज दिवोदासाकडून घेतली, असे सुश्रुतसंहिता सांगते. क्षार माखलेल्या दोऱ्याने भगंदर छेदण्याचा उपाय तीत आहे.

भगंदर म्हणजे गुदमार्गातून बाहेरच्या त्वचेपर्यंत गेलेली पुवाची नळी. ती उघडी चिरली तर बहुधा बरी होते. परंतु ती मळ रोखून धरणाऱ्या स्नायूंतून गेली असेल, तर स्नायू तुटून रोगी मलावरील ताबा गमावतो. चीर अपुरी ठेवावी, तर रोग उलटतो.

१९६० नंतर या विश्वविद्यालयात पी. जे. देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी जुना उपाय पुन्हा हाती घेतला. लिननच्या दोऱ्यावर निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार व हळद यांची एकवीस पुटे चढवितात. हा दोरा नळीत ओवून आठवड्याला बदलतात. तो हळूहळू कापत जातो आणि मागची जखम भरत येते. म्हणून स्नायूंची टोके दूर सरत नाहीत.

परंतु प्राचीनता हा पुरावा नव्हे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रोगी वाटून अनेक केंद्रांत तुलना केली. १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: जखम भरण्यास दोऱ्याने आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार, मात्र रोग उलटला तो अनुक्रमे शेकडा ४ व ११ जणांत.

आज रक्तातील प्लेटलेट कणांपासून मिळणारे वृद्धिकारक घटक नळीत घालून पाहिले जात आहेत. त्यांनाही हीच कसोटी लागू आहे.