निर्णय जर्मनीत, परिणाम व्हाइटफील्डमध्ये : युरोपीय कंपनी कायदा आणि कर्मचाऱ्यांचे स्थान

बंगळुरू : शहराच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड येथे ‘सॅप’ या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीचे मोठे संशोधन केंद्र आहे. ते चालविणारी ‘सॅप लॅब्ज इंडिया’ ही उपकंपनी १९९८ मध्ये स्थापन झाली. पुण्यातही तिचे केंद्र असून तेथे आणि बंगळुरूत अनेक मराठी अभियंते काम करतात. त्यांच्या कामाची दिशा ठरविणारे प्रमुख निर्णय मात्र जर्मनीतील वालडॉर्फ येथील मुख्यालयात होतात. त्यामुळे युरोपातील कंपनी कायद्याचा प्रश्न येथील कर्मचाऱ्यांनाही दूरचा नाही.

या कायद्याच्या आधुनिकीकरणाला गेल्या पंचवीस वर्षांत वेग आला. युरोपीय महासंघाने ऑक्टोबर २००१ मध्ये ‘युरोपीय कंपनी’ या नव्या कंपनी प्रकाराचा नियम संमत केला. तो ऑक्टोबर २००४ पासून लागू झाला. अशा कंपनीला विसर्जित न होता एका सदस्य देशातून दुसऱ्या सदस्य देशात नोंदणी हलविता येते. दरम्यान अमेरिकेतील ‘एन्रॉन’ घोटाळ्यानंतर युरोपीय आयोगाने २१ मे २००३ रोजी कंपनी कायदा व कॉर्पोरेट सुशासनाचा कृती आराखडा जाहीर केला. वित्तीय विवरणांबाबत संचालकांची सामूहिक जबाबदारी, सुशासनाविषयी वार्षिक निवेदन आणि भागधारकांचे हक्क यांवर त्यात भर होता.

सॅपने ७ जुलै २०१४ रोजी युरोपीय कंपनीचे रूप स्वीकारले. जर्मन पद्धतीनुसार तिच्यात कार्यकारी मंडळ आणि त्यावर देखरेख करणारे पर्यवेक्षक मंडळ अशी दोन मंडळे आहेत. कार्यकारी मंडळाची नेमणूक पर्यवेक्षक मंडळ करते. रूपांतरानंतरच्या १८ सदस्यीय पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कर्मचारी प्रतिनिधींच्या ठेवण्यात आल्या. समसमान मते पडल्यास अध्यक्षांचे मत निर्णायक ठरते आणि अध्यक्ष भागधारकांच्या बाजूचे असतात.

रूपांतरामुळे कर्मचाऱ्यांचे पूर्वीचे हक्क कमी होऊ नयेत, असे युरोपीय कायदा सांगतो. त्याची कसोटी सॅपच्याच प्रकरणात लागली. पर्यवेक्षक मंडळ १२ सदस्यांचे केल्यास कामगार संघटनांनी सुचविलेल्या उमेदवारांसाठी स्वतंत्र मतदान राहणार नव्हते. त्याविरुद्ध दोन जर्मन संघटना न्यायालयात गेल्या. युरोपीय न्यायालयाने १८ ऑक्टोबर २०२२ रोजी हे स्वतंत्र मतदान कायम ठेवणे आवश्यक असल्याचा निर्वाळा दिला.

या संरक्षणाची सीमा मात्र युरोपापुरती आहे. नव्या रूपामुळे प्रतिनिधित्वाचे वर्तुळ जर्मनीबाहेरील युरोपीय कर्मचाऱ्यांपर्यंत विस्तारले. व्हाइटफील्ड त्याच्या बाहेरच राहिले. जानेवारी २०२४ मध्ये सॅपने जगभरातील सुमारे ८ हजार पदांवर परिणाम करणारी पुनर्रचना जाहीर केली, तेव्हा मंडळात बसणारे कर्मचारी प्रतिनिधी युरोपातील होते.

भारतीय कायदाही ही उणीव भरून काढत नाही. कंपनी कायदा, २०१३ नुसार शेअर बाजारात सूचिबद्ध कंपन्यांच्या संचालक मंडळात किमान एक-तृतीयांश स्वतंत्र संचालक असावे लागतात. सॅप लॅब्ज इंडिया ही खासगी मर्यादित कंपनी असल्याने तिला ही अट लागू नाही. किमान एक संचालक वर्षात १८२ दिवस भारतात वास्तव्य करणारा असावा, हे बंधन तिच्यावर आहे. परंतु तो कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी असण्याची गरज नाही.

वास्तविक ही कल्पना भारताला नवी नाही. राष्ट्रीयीकृत बँकांच्या संचालक मंडळात कर्मचारी संचालक नेमण्याची तरतूद १९७० च्या कायद्यात आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाचे तत्त्व राज्यघटनेच्या अनुच्छेद ४३क मध्ये समाविष्ट केले. तथापि हे मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नाही. खासगी कंपन्यांतील कर्मचाऱ्यांना मंडळात स्थान द्यायचे असल्यास त्यासाठी संसदेलाच स्वतंत्र कायदा करावा लागेल.