लिंगवाढीचे उपाय: कशाने काय होते, कशाने काय बिघडते

लोकलच्या रुळांलगतच्या भिंती, एसटी स्टँडची मुतारी, रस्त्याकडेचा जडीबुटीचा तंबू आणि आता हातातला मोबाइल, सगळीकडे आश्वासन एकच: लांबी वाढेल, जाडी वाढेल, महिन्याभरात फरक दिसेल. या आश्वासनावर पैसे मोडणाऱ्या बहुतेक पुरुषांमध्ये मुळात काहीही कमी नसते. गुण आला नाही तरी गिऱ्हाईक तक्रार करत नाही, कारण तक्रार करायची तर आधी तोंड उघडावे लागते. हा धंदा त्या संकोचावरच चालतो, आणि त्यात नुसते पैसेच जात नाहीत, कधी कधी चांगले इंद्रिय कायमचे खराब होते. म्हणून एकेक उपाय नीट पाहून घेऊ.

सरासरी माप किती?

२०१५ साली जगभरातील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. पंधरा हजारांहून अधिक पुरुषांची मापे त्यात होती, आणि ती आरोग्य कर्मचाऱ्यांनी घेतलेली होती, पुरुषांनी स्वतः सांगितलेली नव्हती. शिथिल अवस्थेत सरासरी लांबी ९.१६ सेंमी, ताठ अवस्थेत १३.१२ सेंमी, म्हणजे पाच इंचांहून थोडी जास्त. ताठ असतानाचा घेर ११.६६ सेंमी. केरळमधील ३०१ पुरुषांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील ज्यांचे ताठ अवस्थेतले माप घेतले, त्यांची सरासरी १३.०१ सेंमी आली. भारतीय पुरुष यात मागे आहेत ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

माप घेण्याची पद्धतही ठरलेली आहे. पट्टी लिंगाच्या वरच्या बाजूने धरायची, तिचे टोक ओटीपोटाखालच्या हाडाला टेकेपर्यंत चरबीत दाबायचे आणि तिथून अग्रापर्यंत मोजायचे. घरी मोजणारे बहुतेक जण पट्टी दाबतच नाहीत. पोट सुटलेल्या माणसाची एक-दोन सेंटिमीटर लांबी त्या चरबीतच हरवते. शिवाय स्वतःकडे वरून पाहिले की अवयव आखूड भासतो, आणि पॉर्नमध्ये दिसणारी माणसे तर निवडूनच घेतलेली असतात.

वैद्यकशास्त्र ज्याला सूक्ष्मलिंग म्हणते ती स्थिती वेगळी आणि दुर्मीळ आहे. प्रौढ पुरुषात ताणून मोजलेली लांबी साधारण साडेसात सेंटिमीटरपेक्षा कमी भरली, तरच डॉक्टर त्या दिशेने विचार करतात.

तेल, लेप, गोळ्या

लिंगाच्या आत स्पंजासारख्या ऊतीच्या दोन नळ्या असतात आणि त्यांच्याभोवती एक चिवट आवरण असते. ताठरता येते ती या नळ्यांत रक्त भरून. त्या किती फुगणार हे आवरण ठरवते, आणि वयात येण्याचा काळ संपला की त्याची वाढ थांबते. वरून चोळलेले तेल त्या आवरणाची लांबी वाढवू शकत नाही. मालिश करताना ताठरता येते, तेवढ्यापुरते मोठे दिसते, आणि माणूस दुसरी बाटली घेतो.

‘सांडे का तेल’ म्हणून जे विकतात ते थरच्या वाळवंटी भागातल्या काटेरी शेपटीच्या सरड्याची चरबी वितळवून काढतात. लांबी वाढवण्याचा काहीही गुण त्यात नाही. हा सरडा वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, आणि माणसाच्या न्यूनगंडापायी त्याचा जीव जातो.

गोळ्यांचा धोका जास्त गंभीर आहे. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ असा शिक्का असलेल्या अशा उत्पादनांत छुपे सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातले औषध, सापडल्याचे इशारे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वारंवार दिले आहेत. छातीत दुखले की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्या हृदयरुग्णाने नकळत अशी गोळी घेतली, तर रक्तदाब धाडकन कोसळून जीव जाऊ शकतो.

आपल्याकडे कायदा स्पष्ट आहे. जननेंद्रियाचा आकार सुधारण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही, तो औषध नियमांच्या अनुसूची ‘जे’मध्येच आहे. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींना तर १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. तरीही भिंती रंगतातच, याची चीड यायला हवी.

पंप आणि ताण देणारी यंत्रे

व्हॅक्यूम पंप हे खरे वैद्यकीय उपकरण आहे, पण ते ताठरता न येणाऱ्यांसाठी. लांबीसाठी सहा महिने नियमित वापरून घेतलेल्या चाचणीत नोंद घ्यावी असा फरक पडला नाही. पंपासोबतची रबरी रिंग अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवेचा दाब मनाला येईल तसा वाढवला तर रक्त साकळते.

सगळ्या उपायांत थोडाफार पुरावा आहे तो लिंगाला सतत हलका ताण देणाऱ्या यंत्राचा. जुन्या चाचण्यांत पुरुषांनी ते रोज चार ते सहा तास, कित्येक महिने लावले, आणि साधारण एक ते दोन सेंटिमीटर फरक नोंदला गेला. घेर वाढला नाही. पेरोनीच्या आजारात, म्हणजे आत व्रण होऊन लिंग वाकते तेव्हा, या यंत्राचा उपयोग डॉक्टर खरोखर करतात. हाताने जोर लावून ओढण्या-पिळण्याचे जे व्यायाम व्हिडिओंतून शिकवले जातात, त्यांना मात्र विश्वासार्ह आधार नाही. उलट आतल्या ऊतीला इजा होऊन व्रण धरला, तर नसलेला वाकडेपणा मागे लागतो.

इंजेक्शने

१८९९ मध्ये व्हिएन्नाचे शल्यविशारद रॉबर्ट गेर्झुनी यांनी क्षयामुळे वृषणे गमावलेल्या एका रुग्णाच्या अंडकोशात व्हॅसलिन टोचले. मेण, पॅराफिन, खनिज तेल शरीरात टोचण्याची लाट तेव्हापासून आली, आणि थोड्याच वर्षांत तिचे दुष्परिणामही समोर आले. तरी अजून काही देशांत पुरुष घरीच हे करून घेतात. शरीर ते तेल पचवू शकत नाही. त्याभोवती कडक गाठी धरतात, कातडी आवळते, फुटते, जखमा चिघळतात. शेवटी सगळी खराब कातडी काढून दुसरीकडची लावण्यावाचून मार्ग राहत नाही. सिलिकॉनचेही तसेच.

स्वतःच्या पोटावरची चरबी काढून टोचतात, तीही निर्धोक नाही. काही चरबी विरून जाते, उरलेली ओबडधोबड राहते. स्टॉकहोममध्ये अशा शस्त्रक्रियेदरम्यान एका निरोगी तरुणाच्या फुप्फुसांत चरबी जाऊन तो मरण पावला. ही नोंद २०१७ मध्ये न्यायवैद्यक नियतकालिकात आली. हायलुरॉनिक आम्लाचे फिलर त्या मानाने बरे, ते गरज पडल्यास विरघळवता येते. पण त्याने फक्त जाडी वाढते, तीही काही काळापुरती, आणि जंतुसंसर्गाची, गाठींची शक्यता राहतेच.

शस्त्रक्रिया

लिंगाचा बराच भाग शरीराच्या आत असतो आणि एका बंधाने तो हाडाला धरून असतो. तो बंध कापला की आतला थोडा भाग बाहेर लोंबतो. लांबी वाढल्यासारखी दिसते ती मुख्यतः शिथिल अवस्थेत. ताठ झाल्यावर मात्र आधार गेल्यामुळे लिंग डगमगते, त्याचा कोन खाली येतो. व्रण भरताना बंध पुन्हा चिकटला तर पूर्वीपेक्षाही आखूड होते. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने लांबीसाठी बंध कापणे आणि जाडीसाठी चरबी टोचणे हे दोन्ही उपाय सुरक्षित किंवा परिणामकारक ठरलेले नाहीत, अशी भूमिका घेतली आहे.

मग करायचे काय?

वजन कमी केले तर चरबीत दडलेली लांबी मोकळी होते, एक पैसा न घालवता. सिगारेट-तंबाखू सोडली, मधुमेह ताब्यात ठेवला तर ताठरता सुधारते, आणि पुष्कळांची खरी तक्रार तीच असते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, पन्नास हजारांहून अधिक लोकांच्या एका पाहणीत जोडीदाराच्या आकारावर समाधानी असलेल्या स्त्रिया ८५ टक्के होत्या, स्वतःच्या आकारावर समाधानी पुरुष मात्र ५५ टक्के. माप सामान्य असूनही चिंता झोप उडवत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. त्या चिंतेवर उपचार आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून मराठी वाचकांशी लैंगिक प्रश्नांवर उघड बोलायला सुरुवात केली. आज युरॉलॉजिस्टच्या बंद खोलीतही आपण अडखळावे, हे बरे नाही.

लहान मुलाबद्दल आईवडिलांना शंका आली तर तेल चोळू नये आणि थांबूही नये. गुटगुटीत मुलाचे लिंग बहुधा चरबीत दडलेले असते. बालरोगतज्ज्ञ चरबी दाबून मोजतात, दोन्ही वृषणे उतरली आहेत का ते पाहतात, लागल्यास हार्मोन तपासतात. खरेच सूक्ष्मलिंग असेल तर टेस्टोस्टेरॉनची मोजकी इंजेक्शने तान्हेपणीच चांगला परिणाम देतात.